सोपवण्याचं काम

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण मी माझ्याबद्दल घरात आणि गावात बरीच ऐकली आहे. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसायचं, काळजीच असायची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागलो. ती नोकरी सोडून सैन्यात गेलो आणि आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चालक झालो. पेन्शनीत आल्यावर मालट्रक चालवायला घेतला आणि त्या ट्रकनेच मला घातक कचऱ्याच्या कामात आणून सोडलं. एका माणसाने एवढ्या ठिकाणी जावं हे लोकांना पटत नसे. मलाही या सगळ्याचा धागा सांगता येत नव्हता. तो सापडला कुंभकोणममध्ये.

तिथे माझ्या युनिटमधले एक सहकारी राहतात. आम्ही सगळे त्यांना ‘राव’ म्हणायचो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर जी मराठी कुटुंबं कावेरीकाठी रुजली, त्यांपैकी हे एक घर. बाहेर तमिळ, घरात मराठी. राव मला गावभर हिंडवत होते. बारा वर्षांनी जिथे महामहम भरतो तो तलाव, शारंगपाणीचं उंच गोपुर, त्याच्या समोरच्या रस्त्यावरचं गणितज्ञ रामानुजन यांचं छोटं घर. हिंडता हिंडता ते म्हणाले, “या गावात एकच काम आयुष्यभर करणारेही झाले आणि दहा कामं करणारेही. दोघांनाही गावाने आपलंच मानलं.”

रामानुजन पहिल्या प्रकारातले. १९०४ मध्ये इथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळवून गेले आणि गणितापलीकडे कशातच मन न लागल्यामुळे ती गमावून बसले. पुढे मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी करत असतानाच, जानेवारी १९१३ मध्ये, त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन याच गावात १९२५ मध्ये जन्मले. वडील शल्यचिकित्सक, म्हणून मुलाने डॉक्टर व्हावं अशी अपेक्षा होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने त्यांना शेतीकडे वळवलं. पुढे पोलीस सेवेत निवड झाली होती, तरी ती सोडून ते आनुवंशिकशास्त्र शिकायला नेदरलँड्सला गेले.

माझं मन मात्र अडकलं ते सर टी. माधवरावांपाशी. १८२८ साली कुंभकोणमच्या देशस्थ मराठी घरात त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल नावाच्या हेडमास्तरांच्या हाताखाली ते गणित आणि खगोलशास्त्र शिकले. बांबूच्या नळ्यांत भिंगं बसवून त्यांनी दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक बनवले, असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे. मग काही काळ शिक्षक, मग अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी, मग त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक आणि अखेर तिथले दिवाण. तिजोरी रिकामी आणि पगार थकलेले, अशा अवस्थेत ते संस्थान त्यांच्याकडे आलं. काही वर्षांत त्यांनी कर्ज फेडलं. तिथून इंदूर, आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यानंतरचं बडोदं.

बडोद्यात त्यांनी काय केलं, हे मला आता वेगळ्या नजरेने दिसतं. मल्हाररावांच्या जागी गादीवर बसवलेला सयाजीराव तेव्हा बारा वर्षांचा मुलगा होता. राज्य त्याचं, पण चालवायचं माधवरावांनी, आणि मुलगा मोठा झाला की ते त्याच्या हातात द्यायचं. म्हणून राज्यकारभाराचे वार्षिक अहवाल त्यांनी तयार केले: जमा किती, खर्च किती, काय बदललं. १८८१ अखेरीस सयाजीरावांकडे अधिकार आले, तेव्हा त्यांच्या हाती एक वाचता येण्याजोगं राज्य पडलं. दुर्बिणी बनवणाऱ्या मुलाने आकड्यांचीही तशीच स्वच्छ मांडणी केली, असं मी मानतो.

आणि मला माझी चारही कामं एका ओळीत उभी दिसली. जे आपण पुढच्या हाती देतो, ते काय आहे हे खरं सांगून द्यायचं, एवढंच मी सगळीकडे केलं होतं.

प्रयोगशाळेत हे नोंदवहीत होतं. नमुन्यावर क्रमांक, तारीख, सही नसेल तर त्याचं उत्तर कितीही बरोबर असो, ते कुणाच्याच कामाचं नाही. सैन्यात ते झोजीलाच्या रस्त्यावर होतं. हिवाळ्यात खिंड बंद होण्याआधी लडाखला हिवाळाभराचं धान्य आणि रॉकेल पोचवायचं असतं. भरताना व्हाउचरवर सही, उतरवताना सही. वर बसलेल्या जवानाला कागदावर लिहिलेलं आणि हातात आलेलं सारखंच मिळालं पाहिजे, कारण तिथे बाजार नाही.

घातक कचऱ्यात तर सगळा डोलारा यावरच उभा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा मालासोबत सात प्रतींचं मॅनिफेस्ट जातं: पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी, करडी. कारखानदार, वाहतूकदार, विल्हेवाट लावणारं केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, प्रत्येकाकडे आपापला रंग राहतो. तळोजा किंवा रांजणगावसारख्या सामायिक केंद्राच्या फाटकावर गाडी आली की आधी नमुना काढतात. पीएच किती, किती तापमानाला पेट घेतो, ओलावा किती, पाणी किंवा आम्ल टाकल्यावर काय होतं. कागदाशी जुळलं तरच गाडी आत. हे फाटकावरचं काम मी बरीच वर्षं केलं आणि मला ते फार आवडलं. ट्रकवाला आणि रसायनवाला तिथे एकाच माणसात उभे होते.

हे आवडण्यामागे भीतीही आहे, आणि ती असायलाच हवी. विद्युतविलेपनाच्या कारखान्यातून सायनाईडचा गाळ येतो, दुसरीकडून आम्लाचा. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाईड वायू सुटतो. सल्फाईड आणि आम्ल भेटले की हायड्रोजन सल्फाईड, ज्याला थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि जो जास्त झाला की नाकच बधिर करतो. बॅरलवरच्या एका खोट्या लेबलाने हे घडू शकतं. खोटं लेबल लावणाऱ्याचा मला आजही मनापासून राग येतो. तो कुणाला तरी न सांगता मरणाच्या दारात पाठवतो.

रावांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, “मग हे शिकवा ना.” आता मी शिकवतो. घातक माल नेणाऱ्या चालकांना मोटार वाहन नियमांप्रमाणे तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्या वर्गात बहुतेक मुलं दहावीच्या आसपास शिकलेली, हात मात्र पक्के. दर वेळी कुणी ना कुणी विचारतो, “सर, आत काय आहे ते आम्हाला कळून काय उपयोग? आपण फक्त गाडी चालवायची.” मी त्याला केबिनमधलं आपत्कालीन माहितीचं कार्ड काढायला सांगतो, मोठ्याने वाचायला लावतो आणि समजावतो: गाडी घाटात कलंडली तर कारखान्याचा केमिस्ट शंभर किलोमीटर दूर असतो. अग्निशमनवाले येतात, पाण्याचा पाइप सोडतात. त्यांना थांबवायचं की पाणी मारू द्यायचं, हे सांगू शकणारा त्या रस्त्यावर तू एकटाच असतोस.