कोण येणार, ठाऊक नाही

रस्त्यातला काटा उचलून बाजूला टाकला, तर ते दान होतं का? पैगंबर महंमदांच्या शिकवणीत होतं. हसून बोलणं हेही दानच. 'सदका' म्हणतात त्याला. आणि सलाम करायचा तो अनोळखी माणसालासुद्धा!

आमच्या गडमुडशिंगीत ट्रॉलीतून सांडलेला ऊस रस्त्यावरून बाजूला सारणारे एक चाचा मी पाहिलेत. "रात्री कुणाची तरी सायकल घसरायची," एवढंच म्हणाले. कुणाची, ते त्यांना तरी कुठं ठाऊक!

आपल्याच जिल्ह्यात, इचलकरंजीत, हे मोठ्या प्रमाणावर घडलं. मे २०२०, कोरोनाची साथ. तिथल्या मुस्लिम समाजानं ईदच्या खर्चाला फाटा दिला. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा. तो गरजूंना द्यावाच लागतो. ती जकात आणि देणग्या मिळून ३६ लाख रुपये जमले. त्यातून इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. नव्या कपड्यांशिवाय ईद काढणं सोपं नसतं बरं का, विचारा वर्गातल्या दोस्तांना! शिवाय दवाखाना सरकारी. त्या खाटांवर कोण येणार, हे देणाऱ्यांना कळायला काही मार्गच नव्हता.