पाळी थांबते तेव्हा हृदयाचं काय?

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माहेर मराठी, सासर कानडी. सासूबाई ‘मुट्टु निंतैति’ म्हणतात, आई ‘पाळी गेली’ म्हणते, आणि दोघींचाही आवाज तेवढ्यापुरता खाली येतो. मराठीतली ‘रजोनिवृत्ती’ आणि कन्नडमधला ‘ऋतुबंध’ हे शब्द पुस्तकातच राहतात. मी आता ४७ वर्षांची आहे, त्यामुळे या कुजबुजीत माझाही नंबर लागला आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळे अक्का म्हणतात. अंगावरून फार जायचं म्हणून ३८ व्या वर्षी त्यांची गर्भपिशवी काढली, तीही दोन्ही अंडाशयांसकट. ‘कटकट मिटली’ असं तेव्हा सगळ्या म्हणाल्या. ४९ व्या वर्षी जिना चढताना त्यांना दम लागू लागला. जबडा ठणकायचा, मळमळायचं, घाम फुटायचा. घरात निदान तयारच होतं: वय आहे, पित्त आहे, उष्णता आहे. जिऱ्याचं पाणी आणि सोडा यांवर तीन महिने गेले. शेवटी अँजिओग्राफी झाली, तेव्हा हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अडलेल्या निघाल्या.

हृदयाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? ‘पिशवी कधी काढली? अंडाशयंही काढली का?’ अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. छातीच्या दुखण्याशी पिशवीचा काय संबंध?

संबंध अंडाशयांशी आहे. त्यांतून स्रवणारं इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या लवचिक ठेवतं आणि रक्तातलं खराब कोलेस्टेरॉल यकृताकडून उचललं जावं म्हणून मदत करतं. ते आटलं की हे कोलेस्टेरॉल वाढतं, चरबी पोटावर साठू लागते. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘स्वॅन’ या दीर्घ अभ्यासात दिसलं, की कोलेस्टेरॉलची ही उडी नुसत्या वयाची नसते, ती शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात येते. पाश्चात्त्य देशांत पाळी साधारण ५१ च्या सुमारास थांबते, आपल्याकडे ४६-४७ लाच. ४५ च्या आत अंडाशयं काढली किंवा पाळी आपोआप लवकर गेली, तर हृदयविकाराचा धोका आणखी वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी अक्कांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग गेलेलं हार्मोन गोळीतून परत घ्यावं का? स्टाफरूममध्ये हा प्रश्न हमखास निघतो. एके काळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. पण २००२ साली अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवरची मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत हृदयविकार कमी न होता थोडे जास्तच झाले होते, शिवाय स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघातही. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. पाळी गेल्यावर लगेच सुरू केलेल्या उपचाराचा हिशेब वेगळा असतो. अंगाची लाही होत असेल, झोप उडाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने या गोळ्या उपयोगी पडतात. अंडाशयं फार लवकर गेली असतील तर डॉक्टर त्या सुचवतातही. पण केवळ हृदय राखायला म्हणून त्या घेऊ नयेत, असंच आजही सांगितलं जातं.

हृदयासाठी उरतात त्या जुन्याच, कंटाळवाण्या गोष्टी: बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासणं, चालणं, आणि लोणच्या-पापडावर हात आखडता घेणं. (शेवटचं आमच्या घरात दोन्ही भाषांत अवघड आहे.) छातीत कळ आली नाही म्हणून निश्चिंत राहू नये. बायकांच्या बाबतीत नुसता दम, जबड्याचं किंवा पाठीचं दुखणं, न समजणारा थकवा हीही खूण असू शकते.

अक्कांना स्टेंट बसवल्यावर मी स्वतःची तपासणी करून घेतली. कोलेस्टेरॉल काठावर होतं. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात माझं बीपी चढलं होतं, पायांवर सूज होती, हे मी सहज बोलून गेले. डॉक्टरांनी पेन उचललं. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली असेल, तर पुढे हृदयाला धोका जास्त असतो, म्हणाले, आणि माझ्या फाईलवर ते मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.