शंभर वॅट घेऊ की दीडशे?

घरोघरी होम थिएटर बसवून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकाचा फोनवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "शंभर वॅटचा घेऊ की दीडशेचा?" मी विचारतो, सोफा टीव्हीपासून किती फुटांवर आहे? पलीकडे क्षणभर शांतता. अ‍ॅम्प्लिफायरचं विचारलं तर हा माणूस सोफ्याच्या चौकश्या करतोय!

पण हिशोब तिथूनच सुरू होतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो, समजा ८७ डेसिबल. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर एवढा आवाज. आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये माणूस बसतो साधारण ३ मीटरवर. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतरात साडेनऊ डेसिबल गेले असते. घरात भिंती थोडा आवाज परत देतात, म्हणून सात गेले असं धरू. एका वॅटला कानापाशी ८० राहिले. संवाद आपण ६५-७० वर ऐकतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर फार तर एक दशांश वॅट खर्च करत असतो. स्फोट झाला, २० डेसिबलची उसळी आली, तरी १० वॅट. थिएटरच्या रेफरन्स पातळीला एका चॅनलचं टोक १०५ डेसिबल धरतात. ते गाठायला मात्र तीनशेच्या वर वॅट लागतील. पण हॉलमध्ये त्या आवाजात सिनेमा बघणारं कुटुंब मला अजून भेटायचंय. दहा डेसिबल खाली उतरलात की तीस वॅटमध्ये भागतं. स्पीकर ९२ डेसिबलचा असेल तर दहाच पुरतात.

दुकानात ८० वॅटचं मॉडेल सोडून १०० वॅटचं घेण्यासाठी माणूस बरेच जास्त पैसे मोजतो. फरक पडतो १ डेसिबलचा. वॅट दुप्पट केले तरी वाढ तीनचीच, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट दहापट लागतात. कान असेच बनलेत, त्याला कोणती कंपनी काय करणार?

आकड्यांचं हे वेड आपल्याकडे पीएमपीओनं लावलं. चिमुकल्या डब्यावर हजारो वॅटचं स्टिकर! ते स्टिकर आता फारसं दिसत नाही, पण त्याचा सभ्य भाऊ रिसीव्हरच्या, म्हणजे होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, खोक्यावर अजून बसलेला असतो. दीडशे वॅट, आणि खाली बारीक अक्षरांत: ६ ओहम, १ किलोहर्ट्‌झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनल चालू. तेच यंत्र ८ ओहमवर, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, दोन चॅनल चालू आणि डिस्टॉर्शन एक टक्क्याच्याही आत, असं मोजलं की आकडा ऐंशीच्या आसपास येतो. पाच-सात चॅनल एकदम ओढले तर आणखी खाली, कारण सगळ्यांना पोसणारा पॉवर सप्लाय एकच. अमेरिकेत अशा फुगवलेल्या आकड्यांना आवर घालायला १९७४ मध्येच नियम करावा लागला होता.

वॅटपेक्षा मी ओहम आधी बघतो. ८ ओहमच्या स्पीकरवर २० व्होल्ट दिले तर अडीच अँपिअर वाहतात, ४ ओहमवर पाच. स्वस्त रिसीव्हर इथेच धापा टाकतो: तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो, नाहीतर लाटेचा माथा छाटून टाकतो. त्या छाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीची ऊर्जा वाढते आणि ट्वीटर उडतो. गिऱ्हाइकाला वाटतं अ‍ॅम्प्लिफायर जास्त पॉवरचा होता. बहुतेकदा तो कमी पडलेला असतो. तेव्हा ४ ओहमचे टॉवर असतील तर माझा सल्ला बदलतो. मग ४ ओहमला स्पष्ट मान्यता असलेला रिसीव्हर घ्या, किंवा प्री-आउट असलेला घेऊन पुढच्या दोन स्पीकरना वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडा.

सबवूफर असेल तर एक काम फुकटात होतं. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर ‘स्मॉल’ करायचे आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झवर ठेवायचा. खालचा सगळा बोजा सबवूफरच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जातो आणि रिसीव्हर मोकळा श्वास घेतो. एका काकांनी कमरेएवढे टॉवर घेतले होते; मी मेनूत स्मॉल निवडल्यावर ते खरोखर दुखावले. "एवढे पैसे घालून स्मॉल?" मी घरी पोचेपर्यंत त्यांनी ते परत लार्ज केलं असणार, याची मला खात्री आहे.

आणि ती नेहमीची तक्रार: संवाद ऐकू येत नाहीत, मोठा अ‍ॅम्प्लिफायर टाकू का? जाऊन बघावं तर सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला, समोर देवाचा फोटो, खाली चकचकीत टाइल्स, बाजूला काचेचा स्लायडिंग दरवाजा. स्पीकर खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढा, तोंड कानाच्या दिशेनं जरा वर करा, सतरंजी अंथरा, पडदा ओढा. हे करून झाल्यावरच वॅटचं बोलू. सुतारानं प्लायच्या बंद कपाटात रिसीव्हर कोंडला असेल तर पाठीमागची फळी आधी कापून घ्या. उष्णतेनं मेलेले रिसीव्हर मी जास्त पाहिलेत, कमी वॅटनं मेलेले फार थोडे.

वजन उचलून अ‍ॅम्प्लिफायर पारखायची जुनी रीत हलके क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर आल्यापासून मोडीत निघाली. आता कागदच वाचावा लागतो. म्हणून दुकानात जाताना स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, ओहम आणि सोफ्याचं अंतर चिठ्ठीवर लिहून न्या. ८ ओहमवर, किमान दोन चॅनल चालू असताना, पूर्ण पट्ट्यात किती वॅट मिळतात ते विचारा. पन्नास-साठ खरे वॅट निघाले तर आपल्या हॉलला भरपूर झाले, उरलेले पैसे स्पीकरवर घाला. विक्रेता नुसतंच खोक्यावर बोट ठेवत असेल तर सरळ दुसरं दुकान गाठा.