नांदेड ते किल्लारी : दोन वंश

गोदातीरी नांदेडास जाणारा प्रवासी सचखंड गुरुद्वाऱ्याचे वैभव पाहून तृप्त होतो; परंतु त्या स्थानाचे मर्म त्याच्या इतिहासात आहे. गुरु गोविंदसिंग तेथे आले तेव्हा त्यांचे चारही पुत्र मोगलांशी झालेल्या संघर्षात बळी पडले होते. इ. स. १७०८ मध्ये तेथेच देह ठेवताना त्यांनी गुरुपद कोणा व्यक्तीस न देता ग्रंथसाहिबास दिले. रक्ताचा धागा तुटला, पंथ टिकला. तेथील लंगरात आजही जातधर्म न विचारता सर्वांस एका पंक्तीत जेवू घालतात.

आपले वैयाकरण वंश द्विविध मानतात : एक जन्माने चालणारा, दुसरा विद्येने. हा भेद ध्यानी ठेवून लातुरास व तेथून औशामार्गे किल्लारीस जावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता भूकंप झाला आणि दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. ५२ गावे नव्या जागी वसविली. तेथे रस्ते रुंद झाले, तशी घरेही दूर गेली. ओसरीवरून ओसरीवर चालणारे बोलणे मागेच राहिले. मात्र भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्तांची सुमारे १२०० मुले पुण्यास नेऊन शिकविली. हाच तो दुसरा वंश होय.

आता भूकंपावाचूनच घरे रिती होण्याचा काळ येत आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यास दर स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा १.७ निघाला. दक्षिण कोरियात तो २०२३ साली ०.७२ होता. यावर कित्येक वडीलधारी मंडळी सुनांना उपदेश करू लागतात. ते उचित नव्हे. अपत्ये किती असावीत हे ठरविण्याचे स्त्रीचे स्वातंत्र्य ही समाजाची कमाई आहे; ते हिरावून राखलेला समाज राखण्याजोगा उरणार नाही.

तथापि स्वतंत्र समाजासही एकमेकांचा आधार लागतोच, आणि घरात माणसे थोडी असली म्हणजे तो घराबाहेर शोधावा लागतो. आपल्याकडे गरीब विद्यार्थ्यांस वार लावून जेवू घालण्याची रीत होती. पण पंक्ती जात पाहून बसे. आज लातुरास परगावची असंख्य मुले शिकावयास येतात. ज्यांच्या वाड्यातील खोल्या रित्या आहेत, त्यांनी तो जुना वार पुन्हा सुरू करावा. मात्र पंक्ती नांदेडच्या लंगराची असावी.