उतारावरची गुलाबी फुले



जून महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या हायवेने जाताना कडेचे उतार गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलेले दिसतात. हे क्राऊन व्हेच, आपल्या वाल-वाटाण्याच्याच कुळातले. 1970 च्या दशकात आम्ही दोघे मुंबईहून इकडे आलो, तेव्हा हे पाहायला मुद्दाम गाडी थांबवली होती.

त्याची गोष्टही मजेची आहे. 1935 साली बर्क्स काउंटीत गिफ्ट आडनावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर फ्रेड ग्राऊ या कृषितज्ज्ञांना ते दिसले. उताराची माती ते घट्ट धरून ठेवते, म्हणून 'पेनगिफ्ट' नावाने रस्त्यांच्या कडेला लावले गेले. 1982 साली राज्याने त्याला कायद्याने मान दिला.

मग आम्हीही घरामागच्या उतारावर लावले. दोन वर्षे नुसते कौतुक! पुढे मुळे जमिनीखालून पसरत गेली. पुदिन्याचा वाफा गेला, डेझी गेल्या, आणि कुंपणाखालून ते शेजारणीकडे शिरले. ती बिचारी काही बोलली नाही, पण आम्हाला फार लाज वाटली. आता राज्याचे निसर्ग खातेच त्याला उपद्रवी वनस्पतींत धरते.

आम्ही उपटायला बसलो तर नात म्हणाली, "आजी, ते युरोपातून आलंय म्हणून काढता? तुम्हीपण बाहेरूनच आलात ना!"

काय बोलणार! हातातले फावडे तसेच राहिले. रात्री विचार केला आणि सकाळी तिला सांगितले, "बाळ, बाहेरून आले म्हणून नाही काढत. ते दुसऱ्या कोणाला जगू देत नाही, म्हणून काढतो. आपले लोक कोकणात शेकडो वर्षे राहिले, ते शेजाऱ्याला जागा ठेवून."

उपटायला तीन वर्षे लागली. पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट खणायचे. बी मातीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून लक्ष अजून ठेवावे लागते.

आता आम्ही वाफ्यात हेअरी व्हेच लावतो. तेही बाहेरचेच! सप्टेंबरात पेरावे. बर्फातून तगते, मे महिन्यात जांभळी फुले येतात आणि मधमाश्या नुसत्या घोंगावतात. पूर्ण फुलले की शेंगा धरायच्या आत बुडाशी कापावे. आधी कापले तर पुन्हा फुटते, उशीर केला तर बी सांडते. कापलेले तिथेच पसरून मधे टोमॅटोची रोपे लावावीत. मेरीलँडच्या बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधन केंद्राने ही रीत तपासून पाहिली आहे. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. अलिबाग-रेवदंड्याकडे भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर वाल पेरतात, त्याच्या मुळांनाही अशाच गाठी असतात.

मुलांनो, व्हेचच्या शेंगा वाटाण्यासारख्या दिसल्या तरी तोंडात घालू नका हं. नर्सआजीचे एवढे ऐका!