दार फक्त माणसांना

मडगावात उतरल्यानंतरचे पहिले दिवस समुद्र, तळलेला बांगडा आणि दुपारची झोप यांत गेले. त्यांविषयी सांगण्यासारखं काही नाही. गोव्याच्या किनाऱ्यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत आणि मला चपलेत वाळू गेलेली मुळीच खपत नाही. ही हकिगत आहे एका तारवट्याची आणि त्याच्या पाड्याची, म्हणजे बैलाची.

सासष्टीत बोटीवर नोकरी करून परतलेला तारवटी वाड्यावाड्यावर भेटतो. हा जन्मभर जहाजाच्या भटारखान्यात राबला, म्हातारपणी गावी आला आणि त्याने बैल घेतला. नांगराला नव्हे. त्याच्याकडे शेतच उरलेलं नाही. बैल घेतला तो धिरयोसाठी.

धिरयो म्हणजे बैलांची झुंज. भात कापून झालं की मोकळ्या शेतात, गावच्या फेस्ताला, पिढ्यानपिढ्या ती लागत आली. 1996 साली सासष्टीतल्या अशाच एका झुंजीत शिंग लागून माणूस मेला. 'पीपल फॉर ॲनिमल्स' ही संस्था कोर्टात गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने धिरयोवर बंदी घातली. त्यानंतर झुंजी थांबल्या असं समजणाऱ्याने रविवारी संध्याकाळी सासष्टीत कुठल्याही ताव्हेर्नात जाऊन बसावं.

मी तसाच बसलो होतो. बैलांची नावं कानावर पडत होती, बहुतेक इंग्रजी सिनेमांतल्या मारामारी करणाऱ्या नायकांची. तारवट्याने मला पारखून घेतलं, मी पोलिसांचा माणूस नाही अशी खात्री करून घेतली आणि गोठ्यावर नेलं.

गोठा त्याच्या राहत्या घरापेक्षा नीटनेटका होता. पंखा, मच्छरदाणी, खाली रबरी चटई. पाडो काळाभोर, मानेवर हे एवढं वशिंड. तारवटी त्याला खोबरेल चोळत होता, आणि ज्या हाताने चोळत होता त्याच हाताने मधूनच काचेचा तुकडा उचलून शिंगाचं टोक तासत होता. "म्हजो पूत," तो म्हणाला. पहाटे त्याला वाळूवर चालवायला नेतो, दम वाढतो. भिजवलेले चणे स्वतः भरवतो. पाडो त्याच्या खांद्यावर मान टाकून उभा होता. हे प्रेम खोटं नव्हतं, आणि मला सगळ्यात अवघड गेलं ते हेच. क्रूर माणूस समोर असता तर लिहिणं सोपं झालं असतं.

झुंजीची जागा ऐनवेळी फोनवर कळली, मग पुन्हा बदलली. माडांमागच्या शेतात शे-दोनशे मोटारसायकली लागल्या होत्या. नोटा हातोहात फिरत होत्या. दोन्ही बैल समोरासमोर आणले तेव्हा त्यांनी काहीच केलं नाही. एकमेकांना हुंगलं. एकाने तर खाली मान घालून भाताच्या खुंटाला तोंड लावलं. मग आरडाओरडा सुरू झाला, मागून काठीची ढोसणी बसली, आणि कपाळावर कपाळ आदळलं. तो आवाज हाडाचा असतो. पुढे बराच वेळ नुसती रेटारेटी: शिंगात शिंग अडकलेलं, पाय चिखलात रुतलेले, दोघांच्याही तोंडाला फेस. तारवट्याच्या पाड्याचा कान फाटला. समोरच्याच्या डोळ्याखालून रक्त ओघळायला लागलं.

रानात किंवा गायरानात दोन बैल भिडले तर हरणारा पाठ फिरवतो, जिंकणारा चार पावलं पाठलाग करून सोडून देतो. धिरयोचा नियमही वरवर तोच: पळाला तो हरला. फरक एवढाच की इथे पळायला वाट नसते. चारी बाजूंनी माणसांचं कडं असतं. डोळ्याखाली रक्त आलेला तो बैल अखेर वळला आणि सरळ माणसांत घुसला. माणसं बांधावरून, माडांआडून क्षणात पांगली. माणसं मरतात ती अशाच वेळी.

मला बडोदा आठवलं. खंडेराव गायकवाडांच्या राज्यात हत्तींच्या झुंजी आणि साठमारी मोठ्या थाटाने चालत. 1860 च्या दशकात लुई रुसले हा फ्रेंच प्रवासी तिथे होता, त्याने त्याचं सविस्तर वर्णन केलं आहे. मस्तीत आलेल्या हत्तीला माणसं डिवचत, तो अंगावर आला की भिंतीतल्या अरुंद दारांतून निसटत. माणूस मावेल, हत्ती मावणार नाही, अशा बेताने ती दारं ठेवलेली. आमच्या मराठी संस्थानिकाच्या पदरी कोणी तरी मोजमाप घेऊन ही रुंदी ठरवली असणार. नोव्हेंबर 1875 मध्ये इंग्लंडचा युवराज बडोद्याला आला, तेव्हा बारा वर्षांच्या सयाजीरावांच्या दरबाराने पाहुण्यापुढे हाच खेळ मांडला.

परतताना तारवटी खुशीत होता. त्याचा पाडो जिंकला होता. मी कायद्याचा विषय काढला. "तुमच्या महाराष्ट्रात शर्यती चालतात त्या?" तो ताडकन म्हणाला. मुद्दा बिनतोड नसला तरी बोचरा होता. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या, मग राज्यांनी आपापले कायदे बदलले आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ते मान्य केले. तेव्हापासून गोव्यातही धिरयोवाल्यांना धीर आला आहे. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात तिथल्या विधानसभेतही धिरयो कायदेशीर करण्याची मागणी झाली. शर्यत आणि झुंज एक नव्हे, हे मी त्याला सांगितलं. पण घाटावर शेपटी पिरगाळलेली मी पाहिली आहे, त्यामुळे आवाज चढवला नाही.

त्याचा दुसरा मुद्दा असा की स्पेनसारखं इथे बैलाला मारत नाहीत. खरं आहे. स्पेनमध्ये निदान एक माणूस बैलासमोर उभा राहतो. इथे जोखीम बैलांवर टाकून माणसं पैजा लावतात. आणि शिक्षा? प्राण्यांना करमणुकीसाठी झुंजवणं 1960 च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड किमान 10 आणि जास्तीत जास्त 50 रुपये. मडगावात रस-ऑम्लेटची प्लेट याहून महाग पडते.

गोठ्यात पोचल्यावर त्याने फाटका कान धुतला, हळद दाबली. पाड्याच्या मांड्या अजून थरथरत होत्या. सरकारी डॉक्टर बोलावत नाही, कारण शिंगाची जखम बघून तो प्रश्न विचारणार. बंदीचा हा भागही शेवटी बैलाच्याच कातड्यावर आला होता. हरलेल्या बैलाचं काय होणार, असं मी विचारलं. "किंमत पडली त्याची," तारवटी म्हणाला, "आता खाटीक घेईल." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कान किती दिवसांत भरेल, याचा हिशेब करत तो पुढच्या झुंजीची बोली ठरवू लागला.