नक्को

आमच्या घरात फजरनंतर अर्ध्या-पाऊण तासाने दिवसाचा पहिला ठणठणीत शब्द ऐकू येतो, "नक्को!"

"उठ गे बच्ची." नक्को. "दात घासू या?" नक्को. "दूध पिती?" नक्को. बरं, राहू दे म्हणून मी पेला उचलला की मागून गळा काढून, "दूध होनाऽऽ!" आणून दिलं तर पेला चुकीचा. लाल पेला हवा असतो. लाल पेल्यात ओतून दिलं तर ते मी का ओतलं म्हणून फतकल. कारण तिचा दुसरा आवडता शब्द आहे, "मैंच!" मैंच ओतती, मैंच चप्पल घालती, मैंच दार लावती. दाराची कडी तिच्या डोक्याच्या हातभर वर आहे, ही गोष्ट ती मानायला तयार नाही.

माझी लेक अडीच वर्षांची आहे. जन्मदाखल्यावर तिचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण त्या नावाने तिला कुणीच हाक मारत नाही. माझे सासरे, अब्बाजी, तिला 'तुफान' म्हणतात आणि गल्लीनेही तेच नाव कायम केलंय. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली ही पोर. दवाखाने झाले, दुआ झाल्या, नातेवाइकांचे टोमणेही ऐकून झाले. तेव्हा वाटायचं, एकदा मूल होऊ दे, मग मी कसली तक्रार करणार नाही. आता दिवसातून दहा वेळा तक्रार करते आणि दहा वेळा मनातल्या मनात तौबा करते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिलीचा वर्ग. बत्तीस पोरं माझ्या नुसत्या नजरेने जागेवर बसतात. डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता. दोन-अडीच वर्षांचं मूल 'नाही' म्हणू लागतं ते हट्टीपणाने नव्हे, आपण आईपेक्षा वेगळे कुणीतरी आहोत हे त्याला नव्याने कळलेलं असतं म्हणून, असं मी तेव्हा छान अक्षरात लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते. पण परीक्षेच्या हॉलमध्ये भिंतीवर कुणी वरणाची वाटी फेकत नव्हतं.

आमचं घर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. खाली कारखाना, वर आम्ही. सतारी आणि तंबोरे करणं हा सासरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे मोठाले कडू भोपळे माळ्यावर वाळत टांगलेले असतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुफान पाळण्यात होती. आता ती तंबोऱ्यासाठी कापून ठेवलेल्या अर्ध्या भोपळ्यात जाऊन बसते. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी दरवर्षी पहिलीच्या वर्गात रंगवून सांगते. घरी आल्यावर ती म्हातारी भोपळ्यातून माझ्याकडे टकामका बघत असते आणि बाहेर ये म्हटलं की म्हणते, "नक्को!"

अब्बाजींची एक सवय आहे. भोपळा हातात आला की आधी बोटाच्या पेराने त्यावर टकटक करतात आणि कान लावतात. "बोलता क्या देखना पडता," म्हणतात. तुफाननेही ते उचललंय. ती सगळ्यावर टकटक करून कान लावते. भोपळ्यावर, कुकरवर, दादीच्या गुडघ्यावर, नमाजला उभ्या राहिलेल्या बापाच्या पोटरीवर.

नमाज हा तर तिचा खास वेळ. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, सजद्यात गेल्या की ही धावत येऊन पाठीवर स्वार. मी ओशाळून उचलायला धावले की तिचा आरडाओरडा, म्हणजे नमाज आणखीच बिघडली. एकदा सलाम फेरल्यावर अम्मांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, प्रेषित (स.) आपली नात उमामा, बीबी जैनबची मुलगी, हिला खांद्यावर घेऊन नमाज पढले होते. सजद्यात जाताना तिला खाली ठेवायचे, उठताना पुन्हा उचलून घ्यायचे. "उनों लेकीच्या लेकीकू खांदे पे लिए. मेरी तो पीठ हय." एवढं बोलून त्यांनी तसबीह हातात घेतली. तुफानने ती लगेच ओढली, हे सांगायला नकोच.

गेल्या रमजानमध्ये ती रोज सेहरीला उठायची. तिला उठवायला नको, भांड्याचा आवाज पुरे. "मेरा भी रोजा!" असं जाहीर करून फेणी खायची. नऊ वाजता बिस्किट खाताना रोजा, अकरा वाजता केळं खाताना रोजा. संध्याकाळी दस्तरखानावर मात्र सगळ्यांच्या आधी तिचा हात खजुराकडे जायचा आणि अब्बाजी म्हणायचे, "खाने देव. इसका रोजा सुबू से दस बार खुल्या." घरभर हसू. त्या हसण्यासाठी मी नऊ वर्षं थांबले होते.

तरी मी तिच्यावर हात उचलला. हे लिहायचंय म्हणूनच खरं तर लिहायला बसले.

रविवार होता. बहिणीकडे सांगलीला निघालो होतो, मी आणि तुफान. दहा किलोमीटरचा रस्ता, बस भरलेली. कंडक्टर आला. मी पर्समधून पैसे काढले तोच ही म्हणाली, "मैंच देती." कंडक्टरला घाई होती, त्यांनी माझ्या हातातून पैसे घेतले, तिकीट दिलं आणि पुढे गेले. झालं! तिने अंग ताणलं, मांडीवरून निसटून खाली बसच्या फरशीवर पडली आणि "मैंच! मैंच!" करून किंचाळायला लागली. मी उचलते, ती निसटते. डोक्यावरचा माझा स्कार्फ सुटला. सगळी बस आमच्याकडे बघतेय असं मला वाटलं. बघतही असेल.

पुढच्या सीटवरच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, हळूच पण मला ऐकू येईल अशा बेताने, "ह्यांच्यात पोरांना वळणच नसतं."

ह्यांच्यात. तो एकच शब्द मला लागला. मी त्यांना सांगू शकले असते की बाई, बत्तीस घरची पोरं रोज माझ्याकडून वळण शिकतात. तेवढं मराठी माझ्याकडे नक्कीच आहे. पण मी काहीच बोलले नाही. मी लेकीला दंडाला धरून उठवलं आणि तिच्या गालावर चापट मारली. "चुप! लोकां देखतैं!"

ती गप्प झाली. एकदम. रडतारडता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या शेजारी टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती, नऊवारी नेसलेली. ती म्हणाली, "का गं मारलीस? लेकरू हाय ते. पैसं द्याचं हुतं तिला, दिऊ द्याचं हुतंस की." मला त्या दोघींपैकी कुणाच्याच तोंडाकडे बघवेना. सांगली येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ती चापट तुफानला नव्हतीच. ती त्या पुढच्या बाईंना होती. त्यांच्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता, लेकीपर्यंत पोचत होता.

मी स्वतः फार गुणी मुलगी होते. आवाज नसलेली. पाहुणे माझं कौतुक करायचे, मूल घरात आहे हे कळतसुद्धा नाही म्हणायचे. हे गुण माझ्यात कुठून आले, ते मला नक्की आठवतं. 1992चा डिसेंबर. मी सहा वर्षांची होते. आमच्या गावात काही झालं नाही, शेजारपाजारचे लोक चांगले होते. पण रेडिओवरच्या बातम्या ऐकून अब्बांनी आम्हा भावंडांना आत घेतलं, दार लावलं आणि सांगितलं, "आवाज करू नका. जोरात हसायचं नाही, भांडायचं नाही." दोन-चार दिवसांनी दार उघडलं. पण आवाज करू नका हे कुणी परत घेतलं नाही. अब्बाही विसरले असतील. मी विसरले नाही. पुढे शाळेत उत्तर येत असून हात वर केला नाही. ज्या शाखेत जायचं नव्हतं तिथे गेले. बैठकीत अन्याय झाला तरी मान खाली घातली. 'नक्को' हा शब्द आमच्या दखनीने मराठीतूनच उचललाय, 'मैंच'मधला तो ठासून सांगणारा 'च'ही मराठीतलाच. म्हणजे माझ्या दोन्ही भाषांत हे शब्द होते. माझ्या तोंडात तेवढे ते कधी आले नाहीत.

संध्याकाळी आम्ही परत आलो. तुफान दिवसभर शहाण्यासारखी वागली होती. बहीण म्हणाली, "कित्ती गुणाची गे तेरी बच्ची!" माझ्या पोटात कसंतरीच झालं.

घरी आल्यावर ती कारखान्यात गेली. अब्बाजी घोडीवर कानस फिरवत बसले होते, मी दारात उभी. तिने एक लहानसा भोपळा समोर घेतला. मला वाटलं, टकटक करून कान लावेल. तिने त्याला चापट मारली आणि बोट नाचवत म्हणाली, "चुप! लोकां देखतैं!"

कानस थांबली. अब्बाजींनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"ये कां सीखी गे ये?"

मी सगळं सांगितलं. बस, ती बाई, चापट. सांगताना रडू आलं. त्यांनी मला बोल लावला नाही, समजावलंही नाही. बराच वेळ हातातल्या हाडाच्या तुकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "मैं बी तेरे मरद को ऐसाच मारा था, एक बार. उस वखत बी कोई देखरा था." आणि त्यांनी तुफानला उचलून मांडीवर घेतलं, तिचं बोट धरलं आणि भोपळ्यावर टकटक केली. तिने कान लावला नाही. दुसऱ्यांदा टकटक केली तेव्हा लावला.

तिला सगळंच करू द्यायचं, असं मी काही ठरवलेलं नाही. तापल्या तव्याजवळ, कारखान्यातल्या पटाशीजवळ माझा 'नक्को' तिच्यापेक्षा मोठा असतो, आणि तो तिला ऐकावाच लागतो. थकून आल्यावर माझा आवाज अजूनही चढतो. एवढंच ठरवलंय की रागवायचं ते तिच्या कशावरून तरी रागवायचं, लोकांच्या नजरेवरून नाही. हे बोलायला सोपं आहे. बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या रांगेत ते रोज नव्याने जमवावं लागतं.

पुढच्या रविवारी पुन्हा सांगलीला निघालो. बसमध्ये चढण्याआधीच मी नोट तिच्या मुठीत दिली. कंडक्टर आले. मी म्हटलं, "भाऊ, जरा थांबा, ती देणार आहे." ते थांबले. तिने मूठ उघडली, चुरगळलेली नोट नीट सरळ केली, मग पुन्हा चुरगळली आणि त्यांच्या हातावर ठेवली. मागचे दोघे-तिघे हसले. कंडक्टरनी वाकून तिकीट तिच्यापुढे धरलं, "घ्या बाईसाहेब."

तुफानने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि साऱ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "नक्को!"

कोण कोण बघत होतं, ते मी पाहिलं नाही.